रुमालाखालचा हात

नव्या जालन्याच्या पेठेत ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या कानी 'लिलाव' या शब्दाच्या कितीतरी आधी 'हर्रास' हा शब्द पडलेला असतो. 'लिलाव' पोर्तुगीजांचा, तो कोकणपट्टीच्या बंदरांतून घाट चढून देशावर आला. 'हर्रास' हा मात्र अरबीतील 'हराज' या शब्दाचा वंशज असून, हैदराबादच्या निजामाच्या अंमलात तहसील कचेरीच्या ओट्यावरून आणि दवंडी देणाऱ्याच्या तोंडून तो मराठवाड्याच्या बोलीत असा मुरला, की तो परका आहे हे सांगूनही कोणाला पटू नये. आबकारीच्या दुकानांचा हर्रास, आठवडी बाजाराच्या वसुलीचा हर्रास, कुरणांचा हर्रास, नदीच्या वाळूचा हर्रास: ज्याची बोली सर्वांत चढी त्याच्या हाती गुत्ता, आणि म्हणूनच आमच्याकडे कंत्राटदार आजही गुत्तेदार म्हणवतो. सरकारी हर्रासात भाव चढला की खजिना भरे, तेव्हा तेथे बोली चढविणाऱ्याला मान होता. शेतकऱ्याच्या मालाचा भाव ठरविण्याची वेळ आली म्हणजे मात्र, तो चढू नये यात ज्यांचे हित गुंतलेले होते, तीच माणसे तो ठरवीत असत. स्वस्तात घेण्याची इच्छा मनुष्यमात्राला असते आणि तीत गैर काही नाही. परंतु हाती आलेला स्वस्तपणा कोठून आला, कोणाच्या अडचणीतून, कोणाच्या अज्ञानातून, की केवळ मालाच्या विपुलतेतून, हा प्रश्न ज्या गावाने पिढ्यान् पिढ्या आपल्या बाजाराच्या ओट्यावर सोडवीत आणले आहे, त्या गावाचा हा वृत्तान्त आहे.

कुंडलिका नदीने गावाचे दोन भाग केले आहेत. एका काठाला जुना जालना आणि दुसऱ्या काठाला नवा, ज्याला जुनी माणसे काद्राबाद म्हणत आणि इंग्रजी गॅझेटिअरांनी 'कादिराबाद' या नावाने स्वतंत्र गाव म्हणून नोंदविले. जालना हे नावच एका व्यापाऱ्यावरून पडले अशी दंतकथा आहे: पूर्वी येथे जनकपूर होते, पुढे एका धनाढ्य जुलाह्याच्या, म्हणजे विणकराच्या, इच्छेवरून गावाला त्याच्या धंद्याचे नाव मिळाले. दंतकथेला पुरावा मागू नये. पण राजाचे नाव पुसून विणकराचे नाव ठेवले अशी आठवण ज्या गावाने जपली, त्याने आपल्याविषयी बरेच काही सांगून ठेवले आहे असे मला वाटते. अकबराच्या काळी अबुल फज्ल येथे काही काळ राहिला. नोव्हेंबर १६७९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांची स्वारी या पेठेवर आली ती पेठ संपन्न होती म्हणूनच. १७२५ साली निजाम आसफजाहाच्या आज्ञेवरून काबिलखानाने येथे कोट आणि गढी बांधली. राज्ये बदलली तरी पेठेचा धंदा चालूच राहिला, आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडहून सिकंदराबादेस जाणारी लहान रुळांची आगगाडी जालन्याला भिडली तेव्हा कापसाचे जिन, गठाण बांधणारे प्रेस आणि अडतीची दुकाने यांनी नव्या जालन्याला आजचे रूप येऊ लागले. बडी सडक, सराफा, काद्राबाद या भागांतून आजही चालत गेले तर खाली दुकान, मागे कोठार आणि वर बिऱ्हाड अशी जुनी घरे एखाददुसरी दिसतात.

या पेठेत अंबड, भोकरदन, परतूरकडून गाड्या येत, तशाच देऊळगावराजा आणि सिंदखेडराजाकडूनही येत. आणि तो मुलूख वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजी अंमलाखाली होता. दिवसाभराच्या वाटेत गाडीवान एका राज्यातून दुसऱ्या राज्यात शिरे, आणि त्याबरोबर त्याच्या कनवटीचा रुपयाही बदले. तिकडे कलदार, इकडे निजामाचा हाली सिक्का. ढोबळमानाने सात हाली म्हणजे सहा कलदार. हा हिशेब पेठेतल्या मुनिमाला झोपेतही येई. ज्याच्या घामाचा तो माल असे त्याला मात्र तो बोटांवर मोजीत बसावे लागे, आणि त्याची मोजणी पुरी होण्यापूर्वीच पट्टी फाडून हाती दिलेली असे. स्वस्त खरेदीचे पहिले मूळ येथे आहे: घेणाऱ्याला जे ठाऊक ते विकणाऱ्याला ठाऊक नाही.

दुसरे मूळ रुमालाखाली होते. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर बसत, दोघांच्या उजव्या हातांवर रुमाल किंवा उपरण्याचा पदर टाकला जाई, आणि त्या पडद्याआड बोटे दाबून सौदा चाले. या बोटांच्या भाषेला मराठीने करपल्लवी असे फार सुंदर नाव दिले आहे. नाव जितके सुंदर, तितका तो व्यवहार शेतकऱ्याला घातक. एका खरेदीदाराने काय देऊ केले ते दुसऱ्याला कळत नसे, शेतकऱ्याला तर मुळीच नाही. सगळ्यांचे हात दाबून झाले की अडत्या उठून भाव सांगे आणि तोच भाव. अडत्या शेतकऱ्याचा प्रतिनिधी म्हणवी, पण शेतकरी वर्षातून एकदा येणारा आणि खरेदीदार रोजचा. शिवाय पेरणीच्या वेळी बियाणासाठी अडत्यानेच उचल दिलेली असे, म्हणजे माल विकण्यापूर्वीच तो विकला गेलेला असे.

मोंढ्यातला, म्हणजे धान्यपेठेतला, हा सौदा मला पाहायला मिळाला नाही. माझ्या कळत्या वयापर्यंत तो तेथून उठला होता, बैलबाजारात तेवढा पुष्कळदा पाहिला. पण माझे आजोबा नव्या जालन्यातील एका अडत दुकानावर मुनीम होते, आणि एका दुपारी माझा हट्ट पुरवण्यासाठी त्यांनी माझा हात आपल्या हातात घेऊन त्यावर खांद्यावरचा पंचा टाकला. तीन बोटे एकत्र धरून दाबली, सोडली. मग एकच बोट धरले आणि त्याचे पेर अर्ध्यात वाकवले. त्यांचा हात कोरडा आणि उबदार होता आणि अंगठ्याला बोरूच्या शाईचा डाग होता, हे मला आजही स्पष्ट आठवते. "कळलं का किती झाले?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "साडेतीन." "शाबास. आता सांग, समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला काय दिसलं?" मी विचार करून म्हणालो, "पंचा." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि ते आत पाणी प्यायला गेले.

भाव असा ठरला तरी तो शेतकऱ्याच्या हाती पुरा पडत नसे. पट्टीवर अडत, हमाली, तोलाई ही नावे तर असतच. त्यांच्याखाली कडता, नमुना, धर्मादाय, गोशाळा, पाठशाळा, वटाव अशी एकामागून एक कलमे लागत. कडता म्हणजे पोत्याचे वजन आणि माती-कचरा यांच्या नावाने केलेली कपात. ती पोते कोरे असो की फाटके, माल चाळलेला असो की नसो, ठरलेल्या मापाने होई. नमुना म्हणून प्रत्येक खरेदीदार मूठमूठ धान्य उचली आणि ती मूठ ढिगावर परत पडत नसे. दानधर्माची कलमे मला सर्वांत अधिक खुपतात. त्या पैशांतून गोशाळा आणि पाठशाळा खरोखर चालल्या, त्यांत शिकून माणसे मोठी झाली, हे खरे आहे आणि नाकारण्याचे कारण नाही. पण ज्याच्या मालातून ते पैसे वळते झाले त्याला कोणी विचारले नाही, आणि पाठशाळेच्या पाटीवर त्याचे नाव कधी आले नाही.

आपल्या धर्मशास्त्रकारांना हा प्रश्न पडला नव्हता असे नाही. याज्ञवल्क्याने अस्वामिविक्रयाच्या, म्हणजे दुसऱ्याची वस्तू परस्पर विकण्याच्या, प्रकरणात विकणाऱ्याबरोबर घेणाऱ्यालाही जबाबदार धरले आहे: जो गुपचूप घेतो, ज्याच्याजवळ ती वस्तू असण्याचा संभव नाही अशाकडून घेतो, अवेळी घेतो, किंवा फारच कमी किमतीला घेतो, त्याला चोरच समजावे असा त्याचा दंडक आहे. हीन मूल्य ही स्वतंत्र खूण म्हणून त्याने नोंदविली, हे मला विलक्षण वाटते. किंमत इतकी कमी आहे, तर ती का कमी आहे हे विचारण्याचे कर्तव्य घेणाऱ्याचे. न विचारता घेतले तर अज्ञानाची सबब चालणार नाही. याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली ती कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी, म्हणजे आमच्या मराठवाड्याला लागूनच. कौटिल्याने जमीन-घराच्या विक्रीसाठी उघड पुकारा सांगितला आहे: शेजाऱ्यांच्या समक्ष, या किमतीला कोण घेतो असे तीनदा विचारावे, आणि कोणी हरकत न घेतल्यास विक्री पक्की व्हावी. आजच्या लिलावातील 'एक वार, दोन वार, तीन वार' हा पुकार इतका जुना आहे. मात्र चढाओढीने किंमत वाढली तर ती वाढ राजाच्या कोशात जावी असेही तो सांगतो, आणि येथे त्या थोर अर्थशास्त्रज्ञाशी माझा मतभेद आहे. वस्तू ज्याची, वाढही त्याचीच असली पाहिजे.

रुमाल दूर करण्याचे काम कायद्याने केले, आणि त्याची सुरुवात आमच्या शेजारी, वऱ्हाडात झाली. कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार उभा राहिला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला, भेसळ नसलेला कापूस हवा होता, म्हणून इंग्रजांना ही घाई होती. शेतकऱ्याच्या कल्याणाचा विचार त्यात मागाहून शिरला. १९२८ साली शाही कृषी आयोगाने आपल्या अहवालात बाजारांतील गैरचालींची मोजदाद केली आणि नियंत्रित बाजारांची शिफारस केली. निजामाच्या राज्यात फसली १३३९ म्हणजे १९३० साली शेतमाल बाजारांचा कायदा झाला. पुढे १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला, आणि १९६३ च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न खरेदी-विक्री कायद्याने व त्याखालील नियमांनी गुप्त खुणांनी भाव ठरविण्यास मनाई करून उघड बोली सक्तीची केली. जालना स्वतंत्र जिल्हा झाला तो त्याही नंतर, १ मे १९८१ रोजी.

कायद्यांच्या या जंत्रीत एक लहानसा हक्क दडलेला आहे, तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. उघड लिलावात सर्वांत चढी बोली झाल्यावरही शेतकरी 'देत नाही' असे म्हणू शकतो. ढीग पुन्हा पोत्यांत भरून, गाडीत घालून तो घरी नेऊ शकतो, किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडू शकतो. कागदावर एवढेच, प्रत्यक्षात गाडीभाडे, मुलीच्या लग्नाची तारीख आणि उचलीची परतफेड त्याच्या मानेवर बसलेली असतात. तरीसुद्धा ज्या विक्रीत हा नकार शक्य आहे तिच्यात झालेली स्वस्त खरेदी, आणि ज्या विक्रीत तो शक्य नाही तिच्यातली स्वस्त खरेदी, या दोहोंना एकाच तागडीत तोलता येणार नाही.

जप्तीच्या लिलावात हा नकारच काढून घेतलेला असतो. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या दारांशी जमले आणि त्यांनी खते-दस्तऐवज मागून घेऊन जाळले, त्यामागे हाच अनुभव होता: कर्जाचा हुकूमनामा झाला की जमिनीचा लिलाव पुकारला जाई, गावात दुसरा कोणी बोली करण्याइतका पैसेवाला नसे, आणि धनकोच ती जमीन नाममात्र किमतीत आपल्या नावे करून घेई, इतकी नाममात्र की जमीन जाऊनही कर्ज शिल्लक राही. १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा त्या दंग्यांतून निघाला. पण तो इंग्रजी मुलखापुरता होता आणि जालन्याचे कूळ निजामाच्या रयतेत मोडत होते. १९२८ साली बारडोलीत सरकारने सारा न भरणाऱ्यांच्या म्हशी आणि जमिनी लिलावास काढल्या, तेव्हा वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली गावोगाव एकच ठराव होता: शेजाऱ्याच्या जप्त मालावर बोली करायची नाही. बाहेरून आणलेल्या गिऱ्हाइकांनी त्या वस्तू मातीमोलाने उचलल्या, पण तालुक्यात त्यांना पाणी देणारा भेटेना. तडजोडीअंती जमिनी मूळ मालकांकडे परत आल्या. चारच वर्षांच्या अंतराने, महामंदीच्या काळात, अमेरिकेच्या शेतीप्रदेशात शेजाऱ्यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. बँकेने लिलावास काढलेल्या शेतावर ते सगळे मिळून जमत, अवजारांवर आणि गुरांवर एकेक दोनदोन सेंटांची बोली करीत, परक्याने वर बोली केली तर त्याच्याकडे असे पाहत की तो गप्प बसे, आणि चार-दोन डॉलरांत सारे विकत घेऊन मूळ मालकाच्या स्वाधीन करीत. स्वस्त खरेदीचा याहून उदात्त उपयोग माझ्या वाचनात नाही.

भाव मुद्दाम चढविला जातो असेही लिलाव आपल्या पेठेत आहेत. देवीच्या ओटीतील साडीचा, नारळाचा लिलाव गावोगाव होतो. जैन मंदिरांत पर्युषणात पूजेच्या मानासाठी बोली लागते आणि ती रुपयांत न बोलता कित्येक ठिकाणी मणभर तुपाच्या मापाने बोलतात. तेथे कमी किमतीत मान मिळाला याचा आनंद कोणी करीत नाही.

आता पडद्यावरच्या लिलावाकडे येतो. हिंदुस्थानात 'बाझी' नावाचे लिलावस्थळ २००० साली मुंबईत सुरू झाले, २००४ साली अमेरिकेच्या 'ईबे'ने ते विकत घेतले आणि २०१८ च्या ऑगस्टात ते बंद पडले. पण तोवर घरबसल्या बोली करण्याची सवय मध्यमवर्गाच्या बोटांना लागून गेली होती. आज बँका थकीत कर्जदारांची घरे आणि दुकाने २००२ च्या सरफेसी कायद्याखाली अशाच ई-लिलावाने विकतात (शेतजमीन त्या कायद्यातून वगळली आहे, एवढी कृपा). गहाण सोन्याच्या लिलावाच्या जाहिराती वर्तमानपत्रांत पानपान भरून येतात. जालन्याच्या पोलाद भट्ट्यांना लागणाऱ्या भंगाराचा मोठा बाजारही आता संगणकावर असतो. १९६४ साली स्थापन झालेल्या सरकारी एमएसटीसी कंपनीमार्फत आणि रेल्वेच्या स्वतःच्या व्यवस्थेतून जुन्या गाड्या, रूळ, यंत्रे यांचे ढीग ई-लिलावात निघतात. सरकारी भंगार स्वस्तात मिळविण्यासाठी चढाओढ केली तर त्यात कोणाचे घर बुडत नाही, आणि पडदा सर्वांना सारखाच दिसतो म्हणून हा व्यवहार मला जुन्यापेक्षा निश्चित स्वच्छ वाटतो. तेथेही ज्यांनी एकमेकांविरुद्ध बोलायचे त्यांनी आधीच आपसांत ठरवून घेतले, ज्याला आमच्या बाजारात 'रिंग करणे' म्हणतात, तर मात्र तो आजोबांचा पंचाच. फक्त तो हातांवरून उचलून सबंध पटलावर टाकलेला.

मी स्वतः या पडद्यावर एकदा खरेदी केली. एका लिलावस्थळावर, ज्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, एक पितळी घंगाळ निघाले होते. विकणाऱ्याने त्याचे नाव चुकीचे लिहिले होते, 'जुनी बादली' असे काहीसे, त्यामुळे घंगाळ शोधणाऱ्यांना ते सापडलेच नाही. अशा चुका हेरून वस्तू गाठणे ही या क्षेत्रातील मान्य विद्या आहे. लिलाव संपायला काही क्षण उरले असताना एकदम बोली करून इतरांना उत्तर द्यायला वेळ न ठेवणे ही दुसरी. दोन्ही मी केल्या. मोडीच्या भावाहून थोड्याच अधिक किमतीत ते घंगाळ माझे झाले, आणि त्या रात्री मला झालेला आनंद मी लपवीत नाही.

आठ दिवसांनी ते आले. चिंच आणि मीठ लावून घासायला घेतले तेव्हा काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरे उघडी पडली: एका मुलीचे माहेरचे नाव, तिच्या वडिलांचे नाव, आणि शके १८७६. म्हणजे १९५४ साल. कोणा बापाने लेकीच्या लग्नात कासाराकडून नाव घालून दिलेले भांडे. पितळ-तांब्याची अशी भांडी मराठवाड्याच्या घराघरांतून कशी गेली हे माझ्या पिढीला ठाऊक आहे. काही १९७२ च्या दुष्काळात गेली, धान्यासाठी. पुष्कळशी स्टेनलेस स्टीलची चकाकी आली तेव्हा गेली. तराजूत टाकली, वजन झाले, नावासकट मोडीत निघाली. कोरलेल्या अक्षरांचे वेगळे वजन कोणी धरले नाही.

मी विकणाऱ्याला संदेश पाठवून विचारले की ही वस्तू आपल्याला कोठून मिळाली. त्याने प्रामाणिकपणे उत्तर दिले: मोडीच्या गाडीतून, किलोवर. मग मी विचारले की हे घंगाळ आहे, याला अशा बाजारात याच्या तिप्पट किंमत येते, हे आपल्याला माहीत होते काय. त्यावर उत्तर आले नाही. फरकाची काही रक्कम पाठवतो असे मी पुन्हा लिहिले, तेव्हा त्याने लिहिले की व्यवहार झाला, आता त्याची चर्चा नको. त्याच्या शब्दांत राग होता की संकोच, हे पडद्यावरून कळत नाही. समोर असता तर त्याच्या चेहऱ्यावरून कळले असते. आणि ज्या बाईचे नाव त्यावर आहे तिला किंवा तिच्या मुलांना ते किती पैशांत मोडावे लागले, हे मला कोण सांगणार? याज्ञवल्क्याचा दंडक मी तरुणपणी वाचला होता. हीन मूल्य दिसताच विचारावे असे तो सांगतो. मी विचारले, पण वस्तू घरात आल्यावर.

हे सारे मनात असल्यामुळेच असेल, जालन्यात २०१८ साली रेशीम कोषांचा बाजार सुरू झाला त्याचे मला अतोनात कौतुक आहे. त्यापूर्वी आमच्या भागातील तुती लावणारे शेतकरी कोष घेऊन थेट कर्नाटकात रामनगरला जात. कोष हा माल सोन्यासारखा घरात ठेवता येत नाही. आत जिवंत अळीचा पतंग होत असतो, आणि दहा-बारा दिवसांत तो कोष फोडून बाहेर पडला की धागा तुटला, माल गेला. परमुलखात, भाषा येत नाही, परतीची गाडी ठरलेली, आणि पोत्यात पतंग पंख फुटण्याची वाट पाहत असलेला: अशा विकणाऱ्याचा नकार कितीसा टिकणार? रामनगरचा बाजार ई-लिलावाचा, उघड आणि नेटका आहे, त्याला दोष नाही. पण अंतर हीच शेतकऱ्याची अगतिकता होती. जुलाह्याच्या नावाने वसलेल्या गावात रेशमाची पेठ भरू लागली आणि ती अगतिकता पुष्कळशी कमी झाली, हा योग मला शुभ वाटतो.

परवा मी तेथे गेलो होतो. पांढरे आणि फिकट पिवळे कोष जाळीच्या क्रेटांतून मांडलेले, हवेत उकडलेल्या हरभऱ्यासारखा मंद वास. घनसावंगीकडचा एक तरुण शेतकरी आणि त्याची आई आपल्या मालाजवळ उभी होती. खरेदीदार येत, मूठभर कोष उचलत, कानाशी नेऊन हलवत, एखादा कातरून आतली अळी पाहत आणि पुढे जात. मूठ मात्र परत क्रेटातच पडत होती, हे मी मुद्दाम पाहिले. बोली लागली, चढली आणि एका आकड्यावर थांबली. मुलाने आईकडे पाहिले. तिने एक कोष हातात घेतला, बोटांनी दाबून पाहिला, आणि म्हणाली, "न्हाई द्यायचा. उद्या पुन्हा लावू."

"अजून दोन दिवस टिकतोय ना?" मुलाने विचारले.

"टिकतोय."

मुलाने मापाड्याला हाताने नाही म्हणून खूण केली. दोघांनी मिळून क्रेट उचलले, सावलीच्या भिंतीकडे एकावर एक न ठेवता वारा लागेल असे मोकळे लावले, आणि बोली पुढच्या ढिगाकडे सरकली.